अंड्याविना केक मध्यभागी बसतो आणि प्रमाण वाढवले की आणखी बिघडतो: कारणे व उपाय

तक्रार नेहमीची आहे आणि श्रावण लागला की ती हमखास कानावर येते. मूळ पाककृती अंड्यांची असते. घरात अंडे चालत नाही, किंवा कोणाला ते सोसत नाही, म्हणून अंड्याच्या जागी दही, जवस किंवा केळे घातले जाते. केक ओव्हनमध्ये व्यवस्थित फुगतो, मात्र बाहेर काढल्यावर थोड्याच वेळात मध्यभागी खड्डा पडतो, कडा कोरड्या होतात आणि आतला भाग सुरीला चिकटतो. पाहुणे वाढले म्हणून तोच केक दुप्पट प्रमाणात केला, तर तळाशी बोटभर जाडीचा गिच्च थर राहतो आणि वरून मात्र तो करपायला आलेला असतो. ओव्हनला, मैद्याच्या कंपनीला किंवा बेकिंग पावडरच्या जुन्या डब्याला दोष देण्यापूर्वी दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्यात, कारण यात एकमेकांत मिसळलेले दोन बिघाड असतात. पहिला बिघाड अंड्याच्या बदलीचा असतो आणि दुसरा प्रमाणाचा. दोन्ही बदल एकाच दिवशी केले, तर कशामुळे काय बिघडले हे कळण्याची सोय राहत नाही. म्हणून आधी मूळ प्रमाणात अंड्याविना केक जमवावा आणि तो जमल्यावरच प्रमाणाला हात लावावा.

अंडे त्या पदार्थात काय काम करत होते

मध्यम आकाराचे अंडे कवच काढल्यावर साधारण ५० ग्रॅम भरते. त्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणी, ६ ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि ५ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो. पांढऱ्या भागातील प्रथिने फेटल्यावर हवा धरून ठेवतात. साधारण ६० अंश सेल्सियसच्या पुढे ती घट्ट होऊ लागतात आणि फुगलेल्या केकला आतून आधार देतात. पिवळ्या बलकातील लेसिथिन तेल आणि पाणी एकजीव ठेवते. म्हणजे ओलावा, हवा, चिकटपणा, आधार आणि स्निग्धता ही पाच कामे एकच जिन्नस करतो. आपल्या स्वयंपाकघरातील कोणताही एक पर्याय ही पाचही कामे करत नाही, आणि ‘एका अंड्याला पाव कप दही’ यांसारखी सूत्रे डोळे मिटून वापरली की केक फसतो तो इथेच.

म्हणून पाककृती हातात आल्यावर आधी अंड्यांची संख्या पाहावी. १८० ते २०० ग्रॅम मैद्याला एक किंवा दोन अंडी असतील, तर बदली सहसा निभावते, कारण आधार देण्याचे बरेचसे काम मैद्यातील ग्लुटेन, म्हणजे गव्हातील चिवट, लवचीक प्रथिन, करत असते. तीन अंड्यांपर्यंत हिशेब नीट केल्यास जमते. त्यापुढे, विशेषतः ज्या स्पंज केकमध्ये बेकिंग पावडर जवळजवळ नसते आणि सारा फुगवटा फेटलेल्या अंड्यांवर अवलंबून असतो, तिथे घरगुती पर्यायांच्या नादी लागू नये. मुळातच अंड्याविना रचलेली दुसरी पाककृती घ्यावी. हा सल्ला अनेकांना आवडत नाही, परंतु सहा अंड्यांच्या स्पंजमध्ये दीड कप दही ओतून जे तयार होते त्याला केक म्हणणे कठीण आहे.

पाण्याचा हिशेब

केक बसण्याचे आणि चिकट राहण्याचे सर्वांत मोठे कारण जादा पाणी हे आहे. ते लक्षात येत नाही, कारण दही किंवा केळे आपल्याला पाणी वाटत नाही. एक नेहमीचे उदाहरण आकड्यांनिशी पाहू. ८ इंची गोल डब्यासाठी १८० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम साखर, १२० ग्रॅम लोणी, ३ अंडी, ६० मिलिलीटर दूध आणि दीड छोटा चमचा बेकिंग पावडर असे प्रमाण आहे. तीन अंड्यांतून या मिश्रणात सुमारे ११३ ग्रॅम पाणी येत होते. त्यांच्याऐवजी प्रचलित सूत्रानुसार १८० ग्रॅम दही घातले, तर दह्यात साधारण ८८ टक्के पाणी असल्याने सुमारे १५८ ग्रॅम पाणी येते. म्हणजे ४५ मिलिलीटर पाणी जास्त झाले आणि त्याच वेळी ते पाणी धरून ठेवणारी, भाजताना घट्ट होणारी अंड्यातील प्रथिने मात्र निघून गेली. दूध ठरल्याप्रमाणे पूर्ण ६० मिलिलीटर घातलेले असतेच. बेकिंग पावडरीच्या वायूने मिश्रण फुगते, पण ते फुगलेले राहण्यास आतून आधार नसतो, आणि गार होताना मध्यभाग खाली बसतो.

यावर उपाय दोन आहेत आणि दोन्ही सोपे आहेत. एक तर दूध ४५ मिलिलीटरने कमी करावे, म्हणजे ६० ऐवजी केवळ एक मोठा चमचा, १५ मिलिलीटर, घालावे. दुसरा उपाय मला अधिक भरवशाचा वाटतो: १८० ग्रॅम दही पातळ सुती फडक्यात बांधून टांगावे आणि वजन १३५ ग्रॅम होईपर्यंत निथळू द्यावे. श्रीखंडासाठी करतो तसा घट्ट चक्का इथे नको. दही चमच्यावरून जडपणे घसरावे, इतपत पुरे. किती वेळ टांगले यापेक्षा वजनावर लक्ष ठेवावे, कारण सायीचे घरचे दही आणि गाईच्या दुधाचे विकतचे दही यांच्या निथळण्यात पुष्कळ फरक पडतो. असे दही वापरल्यास दुधाचे मूळ प्रमाण बदलावे लागत नाही. निथळलेले पाणी फेकून देऊ नये, कणीक भिजवायला ते उत्तम असते.

हाच हिशेब जवसालाही लावावा. एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे ७ ग्रॅम, जवसाची पूड आणि तीन मोठे चमचे पाणी हे एका अंड्याचे सूत्र आहे. तीन मोठे चमचे म्हणजे ४५ मिलिलीटर, तर अंड्यातले पाणी ३७–३८ ग्रॅम असते. एका अंड्याच्या बदलीत हा फरक खपून जातो, तीन अंड्यांच्या बदलीत तो वीस मिलिलीटरच्या पुढे जातो. त्यातच जवसाचा बुळबुळीत चीक पाणी सोडायला तयार नसतो, त्यामुळे केक वेळ संपल्यावरही आतून ओलसर लागतो. पाणी अडीच मोठे चमचे घ्यावे, पूड ताजी आणि बारीक दळलेली असावी आणि मिश्रण दहा मिनिटे झाकून ठेवावे. चमचा उचलल्यावर तार धरली की ते तयार झाले. दोन अंड्यांहून अधिक बदली केवळ जवसावर करू नये. जवस भाजून पूड केली तर चव खमंग येते. अशी पूड फ्रीजमध्ये ठेवून लवकर संपवावी, कारण जवसातील तेल लवकर खवट होते आणि खवटपणा गोड पदार्थात झाकला जात नाही.

केळ्याबद्दल थोडक्यात सांगता येईल. पाव कप कुस्करलेले केळे एका अंड्याची जागा घेते, ओलावा आणि चिकटपणा देते, फुगवटा देत नाही आणि चव मात्र पूर्णपणे ताब्यात घेते. केळ्याचाच केक करायचा असेल तर ते घ्यावे; व्हॅनिला किंवा वेलची-केशराच्या केकमध्ये घेऊ नये.

काबुली चण्याचे शिजवलेले पाणी हा त्या मानाने नवा पर्याय आहे. २०१४–१५ च्या सुमारास फ्रान्स आणि अमेरिकेतील हौशी मंडळींच्या प्रयोगांतून तो पुढे आला आणि ॲक्वाफाबा या नावाने ओळखला जाऊ लागला. हे पाणी अंड्याच्या पांढऱ्या भागाप्रमाणे फेसाळते, म्हणून हलकेपणा हवा असेल तिथे ते उपयोगी आहे. एका अंड्याला तीन मोठे चमचे, आणि केवळ पांढऱ्या भागाच्या बदली दोन मोठे चमचे असे प्रमाण धरतात. आपल्याकडे ते फसते याची कारणे ठरलेली आहेत. कुकरमध्ये चणे शिजवताना पाणी भरपूर असते, त्यामुळे ते पातळ राहते. चणे काढून घेतल्यावर ते आटवून, गार झाल्यावर बोटांना चिकट लागेल इतके दाट करावे लागते. चणे मऊ व्हावेत म्हणून सोडा घालून शिजवले असतील, तर ते पाणी केकसाठी घेऊ नये, कारण सोड्याचा सारा हिशेब त्याने चुकतो. मीठ घातलेले पाणीही अर्थातच नको.

सोडा, पावडर आणि ऋतू

केकला साबणासारखी चव येणे, आतून तो तपकिरी-पिवळसर दिसणे आणि घशात खवखव होणे ही न वापरल्या गेलेल्या सोड्याची लक्षणे आहेत. खाण्याच्या सोड्याला आंबट पदार्थ लागतो. एक कप चांगल्या आंबट दह्याला साधारण अर्धा छोटा चमचा सोडा पुरतो. वरच्या उदाहरणात दही पाऊण कप आहे, म्हणून सोडा पाव छोटा चमचा, सपाट, इतकाच घ्यावा. फुगवण्याच्या बाबतीत सोडा बेकिंग पावडरीच्या तीन ते चार पट जोरकस असतो, त्यामुळे पावडर दीडऐवजी पाऊण छोटा चमचा करावी. मूळची दीड चमचा पावडर तशीच ठेवून वर अर्धा चमचा सोडा घातला, तर मिश्रण झेपेल त्याहून अधिक फुगते, बुडबुडे एकमेकांत मिसळून फुटतात आणि मध्ये खड्डा पडतो. अंड्याविना केक फुगत नाही या भीतीने सोडा वाढवण्याची सवय घरोघरी आहे. बसलेल्या केकवर पुढच्या वेळी आणखी सोडा घालणे हा उपाय नाही. तो कमी करून पाहणे हा आहे.

दह्याचा आंबटपणा मात्र वर्षभर सारखा नसतो, आणि नाशिकमध्ये हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा रात्री लावलेले दही सकाळी आंबट झालेले असते. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडून पारा एक अंकी झाल्याच्या बातम्या येत असतात तेव्हा तेच दही सकाळपर्यंत नीट विरजतही नाही आणि गोडसर राहते. पाककृतीतील ‘पाव चमचा सोडा’ दोन्ही दह्यांना एकच धरला, तर हिवाळ्यात केकला सोड्याचा वास येणे स्वाभाविक आहे. गोडसर दह्यात एक छोटा चमचा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालावे. थंडीत दुसरी अडचण लोण्याची असते. फ्रीजमधले लोणी, गार दूध आणि गार दही एकत्र केले की लोण्याच्या कण्या होतात आणि मिश्रण फाटल्यासारखे दिसते. अंड्याचा बलक असता तर त्याने हे काहीसे सावरले असते. तो नसल्याने सर्व जिन्नस खोलीच्या तापमानाला आणणे, किंवा थेट वितळलेले लोणी अथवा तेल घेणे, हेच योग्य ठरते.

परदेशी पाककृतींत उंच ठिकाणांसाठी सोडा कमी करण्याच्या व पाणी वाढवण्याच्या सूचना असतात, त्या आपल्याला लागू नाहीत. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि अशा सूचना सहसा ९०० मीटरच्या पुढे विचारात घेतल्या जातात.

मैदा बदलून नागली (नाचणी) किंवा कणीक घेतल्यावर

पौष्टिक म्हणून केक करायचा असेल तर अंडे वगळण्याबरोबर मैदाही बदलला जातो, आणि मग केकचा भुगा होतो. गव्हाच्या कणकेला पाणी अधिक लागते आणि ते शोषायला वेळही लागतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडून येणारी नागली कॅल्शियमच्या दृष्टीने उत्तम आहे, शंभर ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम तिच्यात असते. परंतु तिच्यात ग्लुटेन अजिबात नसते. अंडेही नाही आणि ग्लुटेनही नाही, अशा मिश्रणाला आकार धरून ठेवणारे काहीच उरत नाही. म्हणून नागली एकूण पिठाच्या एक तृतीयांशापर्यंत ठेवावी, उरलेली बारीक चाळलेली कणीक घ्यावी, आणि चिकटपणासाठी दह्याबरोबर एका अंड्याइतके जवस घालावे.

पीठ भिजवून पंधरा मिनिटे मुरू दिले तर पोत सुधारतो, परंतु सोडा आणि पावडर घालून मिश्रण मुरत ठेवले तर वायू डब्यात जाण्यापूर्वीच निघून जातो. यासाठी पीठ, दही, दूध, साखर आणि तेल एकत्र करून मुरवावे. ओव्हन तापल्यावर सोडा व पावडर गाठी न राहतील अशी चाळून घालावी, हलक्या हाताने मिसळावी आणि लगेच डबा आत ठेवावा.

प्रमाण वाढवताना किंवा घटवताना

इथे पहिला प्रश्न मापांचा आहे. बेकिंगच्या मापातील कप २४० मिलिलीटर धरतात, मोठा चमचा १५ आणि छोटा चमचा ५ मिलिलीटरचा असतो. ऑस्ट्रेलियन पाककृतींत मोठा चमचा २० मिलिलीटरचा असतो. आपली आमटीची वाटी यांतील कशाशीच जुळत नाही, आणि दोन घरांतील वाट्याही सारख्या नसतात. पाककृती वाटीने सांगितली असेल आणि सगळे जिन्नस त्याच वाटीने मोजले असतील, तर निभावते. अडचण तेव्हा येते, जेव्हा मैदा वाटीने, दूध कपाने आणि सोडा पोहे खायच्या चमच्याने शीग लावून घेतला जातो. एका पटीत ही तफावत दडून राहते, दुप्पट किंवा तिप्पट केल्यावर तीही तितक्या पटीने वाढते. स्वयंपाकघरातील साधा वजनकाटा घेतल्यास हा प्रश्न संपतो. एक कप चाळलेला मैदा साधारण १२० ते १२५ ग्रॅम, साखर २०० ग्रॅम आणि दही सुमारे २४५ ग्रॅम भरते. मूळ प्रमाण एकदा ग्रॅममध्ये लिहून ठेवले की कोणत्याही पटीत नेणे सोपे जाते.

दुसरा प्रश्न डब्याचा आहे, आणि दुप्पट केक बिघडण्याचे खरे कारण बहुतेक वेळा तिथेच सापडते. ८ इंची गोल डब्याचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस इंच असते. मिश्रण दुप्पट केले, तर त्याच जाडीच्या थरासाठी १०० चौरस इंच जागा हवी, म्हणजे १० इंची चौकोनी डबा. प्रत्यक्षात आपण ९ इंची गोल डबा काढतो, कारण तो ‘जरा मोठा’ दिसतो. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६४ चौरस इंच असल्याने थर जवळजवळ दीडपट जाड होतो. जाडी दीडपट झाली की मध्यापर्यंत उष्णता पोहोचायला लागणारा वेळ दीडपटीहून बराच अधिक होतो, आणि तोवर कडा वाळतात. अंड्याविना मिश्रणात हा दोष ठळक होतो, कारण मध्यभाग घट्ट होण्यास आधीच उशीर होत असतो. भांडी बाजारातून नवा डबा आणताना किंवा घरातला एखादा डबा वापरताना व्यास आतल्या बाजूने मोजावा, त्रिज्येचा वर्ग करून ३.१४ ने गुणावे आणि मूळ क्षेत्रफळाशी ताडून पाहावे. ७ इंची डब्याला ८ इंची प्रमाणाच्या सुमारे पाऊण पट आणि ६ इंची डब्याला निम्म्याहून थोडे अधिक मिश्रण लागते. डबा अर्ध्यापेक्षा थोडा वरपर्यंत भरावा, दोन तृतीयांशांच्या पुढे कधीही नाही.

घरगुती लहान ओटीजीमध्ये (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) १० इंची चौकोनी डबा सहसा मावत नाही. मग ८ इंची दोन केक करणे हाच मार्ग उरतो, पण एकदम दुप्पट मिश्रण कालवून दुसरा डबा बाहेर वाट पाहत ठेवू नये. पाऊण तास थांबलेले दही-सोड्याचे मिश्रण पहिल्यासारखे फुगत नाही, आणि ‘पहिला छान झाला, दुसरा बसला’ ही तक्रार नेमकी यातूनच येते. कोरडे जिन्नस दुप्पट मोजून, चाळून, वजनाने दोन भागांत ठेवावेत. ओले जिन्नसही सोड्याशिवाय तयार ठेवावेत, आणि पहिला केक बाहेर येण्याच्या पाच मिनिटे आधी दुसरा भाग कालवावा. जाड थराचाच केक करायचा असेल तर तापमान १८० ऐवजी १६० अंश ठेवून वेळ वाढवावा आणि वरची बाजू रंगली की वर फॉइल सैल झाकावे.

केक झाला की नाही हे रंगावरून ठरवू नये. अंड्यातील प्रथिनांमुळे येणारा तांबूस रंग अंड्याविना केकला उशिरा आणि फिका येतो, तर गूळ घातलेला केक कच्चा असतानाच गडद दिसतो. सुरी मध्यभागी घालून पाहावी, आणि स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९५ अंशांच्या पुढे आकडा गेल्याची खात्री करावी. पहिली वीस-पंचवीस मिनिटे दार उघडू नये. कुकरमध्ये केक करणाऱ्यांनी शिटी आणि रबर काढून, तळाशी मीठ किंवा जाळी ठेवून, पाणी न घालता तो आधी तापवून घ्यावा. तिथे प्रमाण दुप्पट करण्याचा विचारच करू नये, कारण कुकरला उष्णता खालूनच मिळते.

प्रमाण निम्मे करताना मात्र अंड्याविना पाककृतीचा फायदा होतो. तीन अंड्यांची पाककृती निम्मी करायची म्हटली की दीड अंडे कसे घ्यायचे हा पेच असतो, आणि त्याचे उत्तर अंडे फोडून, ढवळून ७५ ग्रॅम वजन करणे हे आहे. दही किंवा जवसाला हा पेच नाही. फक्त छोटा केक लवकर भाजला जातो, म्हणून ठरलेल्या वेळेच्या दोन तृतीयांश वेळ झाली की तपासायला सुरुवात करावी.

केकखेरीज इतर पदार्थांत अडचण फारशी नसते. कटलेट सुटत असतील तर उकडलेला बटाटा, भिजवलेले पोहे किंवा कोरडे भाजलेले बेसन पुरते, आणि वरच्या आवरणासाठी कॉर्नफ्लोअरची पातळ पेस्ट अंड्याचे काम करते. ऑम्लेटऐवजी बेसनाचा किंवा मुगाच्या डाळीचा पोळा आपल्याकडे आहेच. अंड्याची चवच हवी असेल तर वरून चिमूटभर काळे मीठ टाकावे, त्यातील गंधकाचा वास ती आठवण करून देतो. उसळी आणि आमट्या दुप्पट-तिप्पट करताना पाणी त्याच पटीत वाढवू नये, कारण वाफ भांड्याच्या तोंडाच्या रुंदीनुसार जाते, आतल्या मापानुसार नाही. मीठ, तिखट आणि गरम मसालाही तिपटीच्या थोडा आत ठेवून चव पाहून वाढवावा.

पौष्टिकतेचा हिशेब

अंडे वगळल्याने पदार्थ आपोआप पौष्टिक होतो, हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. वरच्या केकमधील तीन अंड्यांतून सुमारे १८ ग्रॅम प्रथिने मिळत होती. १८० ग्रॅम दह्यातून ६ ग्रॅमच्या आसपास, आणि तितक्याच केळ्यातून जेमतेम २ ग्रॅम मिळतात. ही तूट भरून काढण्यासाठी ३० ग्रॅम स्किम्ड दुधाची पावडर पिठात चाळून घालावी. त्यातून सुमारे १० ग्रॅम प्रथिने येतात, ती काही पाणीही शोषून घेते आणि रंगही बरा येतो. बेसनानेही तूट भरते, पण साधारण पिठाच्या पंचमांशापुढे गेल्यास केकला लाडवाचा वास येतो, आणि तो सर्वांनाच रुचेल असे नाही.

कंडेन्स्ड मिल्कवर आधारलेले केक क्वचितच फसतात, म्हणूनच ते लोकप्रिय आहेत. परंतु त्या डब्याच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास साखरच असते, आणि अनेक पाककृतींत वर आणखी साखर सांगितलेली असते. असा केक करायचा असेल तर वरची साखर पूर्ण काढून टाकावी. इतर केकमध्ये साखर एकदम निम्मी करू नये, कारण ती गोडीबरोबर ओलावा आणि मऊपणाही धरते. पाचव्या हिश्श्याने कमी करून पाहावे आणि मग पुढे जावे. गोडीची उणीव पिंपळगावकडचे बेदाणे भिजवून, वाटून भरून काढता येते, मात्र बेदाण्यांतही साठ टक्क्यांच्या आसपास साखर असते आणि भिजवलेल्या पाण्याचा हिशेब दुधातून वजा करावा लागतो. १५० ग्रॅम साखरेच्या केकचे बारा तुकडे केले तर प्रत्येकात साडेबारा ग्रॅम साखर येते, आठ केले तर जवळजवळ १९ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाची बाहेरून घातलेली साखर शक्यतो एकूण उष्मांकाच्या पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण २५ ग्रॅमच्या आसपास, ठेवण्यास सुचवले आहे. ते पाहता कृतीत साखर किती घातली याइतकेच तुकडे किती केले याला महत्त्व आहे.

घरात कोणाला अंड्याची ॲलर्जी असेल, तर पाकिटावरचे नाव पाहून थांबू नये. बाजारात ‘एग रिप्लेसर’ म्हणून मिळणारी पूड बहुधा स्टार्च आणि बेकिंग पावडरीची असते, परंतु ‘एग सब्स्टिट्यूट’ म्हणून विकली जाणारी काही परदेशी उत्पादने अंड्याच्या पांढऱ्या भागापासूनच केलेली असतात. शाकाहाराचे हिरवे चिन्ह आणि घटकांची यादी दोन्ही पाहावीत, आणि डबा, बीटर व चाळणी आधी अंड्याच्या मिश्रणाला लागलेली असल्यास ती साबणाने धुऊनच वापरावीत.

बसलेला केक पुन्हा ओव्हनमध्ये ठेवून फुगत नाही. तो केवळ ओलसर असेल आणि सोड्याचा वास येत नसेल, तर पूर्ण गार करून, फ्रीजमध्ये थोडा घट्ट होऊ देऊन, बोटभर जाडीचे काप करावेत आणि १५० अंशांवर दोन्ही बाजूंनी कोरडे होईपर्यंत भाजावेत. चहाबरोबर खाण्याजोगे टोस्ट होतात. तळाशी गिच्च थर असेल, तर तो आधी कापून वेगळा करावा, कारण तो भाजल्यावर कुरकुरीत न होता चिवट होतो.